कयाक चाचणी नोंदी: कर्ली खाडी, देवबाग

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. कुडाळ, दुकान

मासेमारीसाठी घेतलेली कयाक (एकट्याने वल्हवायची लहान बोट) काल रात्री आली. पणजीहून गाडीच्या टपावर उलटी बांधून आणली. काटा साठच्या वर गेला की पट्टे भुंग्यासारखे घोंघावायचे. बांद्याजवळ थांबून प्रत्येक पट्ट्याला एकेक पीळ दिला, तेव्हा गप्प झाले.

आज गिऱ्हाईक कमी होतं. मोटारी रिवायंड करायच्या टेबलावर कयाक टाकून मापं घेतली. लांबी ३.२ मीटर, रुंदी ८४ सेंटिमीटर. दोन टोकं दोन काट्यांवर ठेवून वजन केलं तर ३१ किलो भरलं. कागदावर २८ लिहिलंय. तीन किलो गाडीला कळत नाहीत, खांद्याला कळतात.

बांधणी म्हणाल तर छपरावरच्या पाण्याच्या टाकीचीच. पॉलिइथिलीनची पूड साच्यात भरायची, साचा भट्टीत दोन्ही अंगांनी फिरवत ठेवायचा, पूड वितळते आणि आतून सगळीकडे चिकटत जाते. कुठे सांधाच नसतो, त्यामुळे मुळात गळायला जागा नाही. गळते ती आपण पाडलेल्या भोकांतून. एवढं माहीत असून मी आज आठ भोकं पाडली: चार रॉड होल्डर, दर होल्डरला दोन बोल्ट. वरून सिलिकॉन लावलं.

मागे दुधाचा क्रेट बांधला. त्यात लुअरचे (नकली आमिषांचे) तीन डबे, पक्कड, सुरी, मासा मोजायची पट्टी, पाण्याच्या दोन बाटल्या. पुढच्या झाकणाखाली दीड किलोचा चार दात्यांचा नांगर आणि वीस मीटर दोर. तीन रॉड. मासे ठेवायला थर्माकोलचा डबा. (किती मासे येणार आहेत याचा माझा अंदाज या डब्याच्या आकारावरून कुणालाही कळावा.) सगळं मिळून १७ किलो. मी ८२. कयाक १६० पेलते म्हणतात, म्हणजे हिशेबाने भरपूर शिल्लक.

१७ नोव्हेंबर, रविवार. देवबाग. कार्तिक कृष्ण द्वितीया

आधी जागा लिहून ठेवतो, पुढे लागेल. देवबाग म्हणजे पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. कर्ली नदी पूर्वेकडून येते, या पट्टीला अडते, दक्षिणेला वळते आणि पट्टीच्या कडेकडेने जाऊन संगमावर समुद्राला मिळते. मामाचं घर पट्टीच्या मध्यावर, खाडीच्या अंगाला. म्हणजे घरासमोर उभं राहिलं की डाव्या हाताला कांदळवन आणि नेरूरपारकडचं पाणी, उजव्या हाताला संगम. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी डावीकडून उजवीकडे. दुपारी वायव्येचा वारा सुटतो, तोही उजवीकडेच ढकलतो.

भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणायचं, हे आजोबांनी शिकवलेलं. द्वितीया म्हणजे दीड वाजता पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईचा. इथे पाणी पाऊणएक तास आधी भरतं. त्यामुळे आज सकाळी साडेसहाला पुरी सुकती होती आणि मी साडेसातला पोचलो तेव्हा मामाच्या धक्क्यापासून पाण्यापर्यंत पन्नास पावलं नुसती राबाड, चिखल. पीव्हीसी पाइपाची ट्रॉली मोठ्या हौसेने केली होती. दहाव्या पावलाला चाकं आसापर्यंत रुतली. शेवटी दादा, माझा मामेभाऊ, खाली आला आणि दोघांनी दोन टोकांना धरून नेली.

दादा पर्यटकांची होडी चालवतो, त्याआधी वीस वर्षं मासेमारी. कयाकभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ह्या काय हाडलंस रे? पाण्याची टाकी आडवी कापलंस काय?" बांधणीचं मी त्याला अक्षर सांगितलं नव्हतं.

पाण्यावरचे निरीक्षण:

बसल्याबसल्या वाटलं की सतरंजीवर बसलोय. कंबर डावी-उजवी हलवली, बोट थोडी कलते आणि तिथे धरून राहते. आमच्याकडच्या जुन्या अरुंद होड्यांना एका बाजूला उलांडी असते, दोन आडव्या दांड्यांवर धरलेला लाकडी ओंडका, तो होडीला लवंडू देत नाही. इथे उलांडीचं काम रुंदी करते. रुंदीची किंमत वेगात द्यावी लागते: सावकाश वल्हवत ताशी साडेचार किलोमीटर, जीव तोडून सहा. मोबाइलच्या जीपीएसवर दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढली.

वल्हं २३० सेंटिमीटरचं आहे. एवढ्या रुंद कयाकला आखूड पडतं. दर चार हातांमागे उजव्या हाताची बोटं कडेला घासतात. पुढच्या वेळी बोटांना चिकटपट्टी, पुढच्या महिन्यात २४० चं वल्हं.

बूड ओलं. बसायच्या जागेखाली पाणी निघून जायला आरपार भोकं आहेत, पण ज्या वाटेने पाणी जातं त्याच वाटेने ते वरही येतं. माझं आणि सामानाचं वजन मिळून बैठक पाण्याच्या रेषेखाली बोटभर जाते. कागदावरचे १६० किलो बुडण्याच्या आधीचे असावेत, कोरडं बसण्याचे नक्कीच नाहीत. बैठकीखालच्या दोन भोकांना बुचं मारली, बाकी चार उघडी.

तासाभराने वर काढली तर आत खळखळ. मागचं बूच काढून तिरकी केली, दीड लिटर पाणी निघालं. सिलिकॉन बोटाने सोललं तर साय निघावी तसं अख्खं हातात आलं. पॉलिइथिलीनला ते धरतच नाही, आणि मी दिवसभर पंपांच्या सीलशी खेळणारा माणूस.

२० नोव्हेंबर, बुधवार. दुकान

बोल्ट काढून परत बसवले. वर आणि आतून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या, स्टीलचे वॉशर, नायलॉकचे नट. पुढच्या दोन होल्डरच्या आत माझा हात पोचेना. मुलगी आठवीत आहे, तिचा हात कोपरापर्यंत गेला. तिने चारही नट धरले आणि बदल्यात पहिली फेरी मागितली आहे. अजून हो म्हटलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार. कृष्ण नवमी

पहाटे सहाला भरती, सातला धक्क्याला अजून भरपूर पाणी. आज मासेमारी नाही, आज मुद्दाम पडायचं.

छातीभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, सामान काठावर ठेवून. किती कलली की जाते ते बघितलं. कड पाण्याला टेकेपर्यंत ती सांगून-सवरून कलते, त्यापुढे काही सांगत नाही. पहिल्यांदा पडलो तेव्हा नाकात पाणी. दुसऱ्यांदा तोंड मिटून. उलटी झालेली सुलटी करायला खालून पलीकडचं हँडल धरून मागे पडायचं, सोपं आहे. चढणं मात्र छातीभर पाण्यात सोपं वाटतं, कारण तळाला पाय टेकून उडी मारता येते. हे फसवं आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. तसं वहीत लिहिलंही आहे. लिहून पुढे काय केलं ते खाली येईलच.

आत पाणी: अर्धा कप. चालेल.

दादा होडीत डिझेल ओतता ओतता बघत होता. "जातलंस कसो ता दिसता माका. येतलंस कसो ता सांग."

१ डिसेंबर, रविवार. अमावास्या

ही नोंद रात्री लिहितोय. हात दुखतायत.

उधाणाची भरती, साडेदहाच्या सुमारास भरणार. पावणेसातला निघालो, सामान पूर्ण: १७ किलो. भरतीचं पाणी आणि पाठीवर थंडी. न वल्हवताही बोट उत्तरेला सरकत होती. अर्ध्या तासात कांदळाच्या पहिल्या रांगेपाशी. मुळांच्या कमानी अर्ध्या बुडालेल्या, बुडालेल्या रेषेच्या खाली कालवं. एका मुळाला कयाक घासली आणि बाजूला नखाने ओढावी तशी तीन इंचांची रेघ उमटली.

तीन रॉड म्हणजे तीन वेळा गुंता. पुढच्या होल्डरमधला रॉड वल्ह्याला लागतो, मागचा रॉड लुअर फेकताना डोक्यामागे येतो. एक लुअर कांदळाच्या फांदीला दिला, दुसरा सोडवताना हुक क्रेटच्या जाळीत अडकला, तो काढायला मागे वळलो तर बोट कलली आणि वल्हं दाणकन बोटीवर पडलं. पोकळ पिंपावर पडल्यासारखा आवाज. त्यानंतर त्या जागेवर तासभर कुणी शेपूटही हलवलं नाही.

अकराला पाणी फिरलं. म्हटलं बरं झालं, सुकती घरी सोडेल. साडेअकराला वारा आला, वायव्येचा. परतताना जीपीएस सात दाखवत होता आणि मी वल्हं नुसतं टेकवून बसलो होतो. हे मला फार आवडलं. इतकं आवडलं की घर मागे गेल्यावर थांबायचं सुचलं.

घराच्या खाली, संगमाच्या बाजूला एक बुडालेला खडक आहे, त्यावर पाणी वळसा घेतं. अशा जागी तांबोशी असते. नांगर टाकावा म्हटलं. नांगराचा दोर मी बैठकीच्या शेजारच्या हँडलला बांधला होता, हाताशी असावा म्हणून.

नांगराने तळ धरला. दोर ताठ झाला. कयाक आडवी फिरली आणि वरच्या अंगाने पाणी तिच्या कडेवर चढायला लागलं. दोर तीच कड खाली ओढत होता. मला आठवतं ते एवढंच की क्रेटमधली पाण्याची बाटली माझ्या मांडीवरून घरंगळत गेली. पुढच्या क्षणी मी पाण्यात, कयाक उलटी आणि क्रेट तिच्याखाली.

दोर कापायला सुरी हवी. सुरी क्रेटमध्ये. गाठ सोडवावी तर उधाणाच्या सुकतीने ती अशी आवळली होती की नख शिरेना. सुलटी केली, चढायला गेलो, कड परत खाली. तीनदा. नांगर सुटत नव्हता ही एका परीने मेहेरबानीच, नाहीतर मी, कयाक आणि वारा मिळून संगमावर गेलो असतो. तिथे बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटांना भिडतं आणि वाळूच्या दांड्यावर फेस उठतो. तो आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता.

बारा-पंधरा मिनिटांनी दादाची होडी आली, पर्यटकांना घेऊन. त्याने इंजिन मंद केलं, खालच्या बाजूने वळसा घेऊन कोयतीने एका घावात दोर तोडला आणि मला काखेत धरून वर घेतलं. होडीतले दोघे-तिघे मोबाइलवर चित्रण करत होते. एका बाईंनी टॉवेल दिला. दादा धक्क्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. कयाक ओढून वर घेतल्यावर म्हणाला, "नांगर कुशीक कोण बांधता रे?" मग चार पावलं जाऊन मागे वळून, "मासे गावले काय?"

गेलं ते: नांगर, बारा-तेरा मीटर दोर, दोन रॉड आणि एक रीळ, क्रेट आतल्या मालासकट, थर्माकोलचा डबा (तो तरंगत संगमाकडे जाताना सगळ्यांनी पाहिला). राहिलं ते: मी, कयाक, वल्हं (दोरीने बांधलं होतं), एक रॉड, मोबाइल.

८ डिसेंबर, रविवार. दुकान

पाण्यावर गेलो नाही. घरी सांगितलं की दुकानात काम आहे, आणि ते खोटं नव्हतं.

कयाकच्या डाव्या बाजूला पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोराचं लांबट कडं फिरवलं. दोन्ही टोकांना छोट्या पुल्या, दोर सहा मिलिमीटरचा, आणि दोराच्या त्या कड्यात गुंफलेली स्टीलची एक गोल कडी. नांगराचा दोर यापुढे त्या कडीतून जाईल. बसल्या जागी दोर ओढला की कडी सरकत टोकाला जाते, नांगराची ओढ टोकावर पडते आणि बोट प्रवाहाच्या रेषेत उभी राहते. आडव्या बोटीला पाण्याची तीन मीटरची भिंत अडवावी लागते, सरळ बोटीला हातभर.

नांगराचा दोर कुठेही बांधायचा नाही. दातेरी खाचेत दाबायचा, झटका दिला की मोकळा. शेवटच्या टोकाला जाळ्याचा जुना बोया, म्हणजे सोडून दिला तरी नंतर येऊन उचलता येईल. सुरी जॅकेटच्या छातीवर, म्यानात, कोणत्याही हाताने निघेल अशी.

दुकानात येणारे-जाणारे विचारतात, पंपाला हे काय लावताय.

१५ डिसेंबर, रविवार. मार्गशीर्ष पौर्णिमा

सकाळी साडेदहा, भरतीचं थांबलेलं पाणी, पाय न पोचणारी खोली. दादा होडीत बसून बिडी ओढत पहाऱ्याला. मी सहा वेळा पडलो.

चढायची रीत अशी ठरली. बोटीच्या मधोमध, बाजूने. अंग पाण्यात उभं ठेवलं तर पाय बोटीखाली जातात आणि माणूस लटकतो. म्हणून आधी पाय मागे पाण्याच्या वर आणून पोहल्यासारखे मारायचे, हात पलीकडच्या पट्ट्यावर, आणि मासा काठावर येतो तसं पोटावर सरकायचं. बेंबी मधल्या रेषेवर आली की थांबायचं. घाई इथेच नडते. मग कुशीवर वळून बूड बैठकीत, शेवटी पाय.

रिकामी बोट: पहिल्यांदा ५० सेकंद, चौथ्या वेळी २०. मग मामीकडून एक जुना क्रेट घेऊन आत दोन विटा घातल्या आणि मागे बांधला. पाचव्यांदा अडीच मिनिटं, गुडघा क्रेटला अडकला. सहाव्यांदा चढलो आणि चढताचढता दुसऱ्या बाजूने पडलो. दादाने बिडी विझवली, म्हणजे काळजी वाटली असावी.

क्रेट परत मामीकडे. सामानाची नवी यादी: एक रॉड, लुअरचा एक डबा खिशात मावेल एवढा, पक्कड, एक बाटली, शिट्टी, मोबाइल. मासा गावलाच तर ओलं गोणपाट. ५ किलो २००. बुचं काढून टाकली, बूड आता कोरडं.

२२ डिसेंबर, रविवार. कृष्ण सप्तमी

भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी. पहाटे पाचला भरती, त्यामुळे निघतानाच सुकती लागलेली, पण सुस्त. यावेळी ठरवून उलट्या पाण्याने वर गेलो. दमलो तर बोट आपसूक घराकडे येईल, आणि साडेनऊच्या आत परत म्हणजे वारा यायच्या आधी. पूर्वेकडून मतलई वारा होता, गार आणि हलका, त्यात कुठल्यातरी चुलीचा धूर मिसळलेला.

नांगर आणलाच नाही. दादाने चिव्याच्या बांबूची एक काठी तासून दिली होती, पुरुषभर उंच, एका टोकाला अणकुचीदार. कांदळाच्या कडेला पाणी कमरेएवढं, तळ गाळाचा. काठी कडीतून घालून गाळात दाबली, कडी मागच्या टोकाला सरकवली आणि बोट दावणीला बांधलेल्या गाईसारखी उभी. ना साखळीचा आवाज, ना दोर.

असं आवाज न करता थांबल्यावर आधी ऐकू न आलेली गोष्ट ऐकू आली. बोटीच्या आतून तडतड येत होती, तापल्या तव्यावर मीठ टाकल्यासारखी, न थांबणारी. कानाला मांडीजवळ नेलं तर आणखी मोठी. कालवांच्या खडकात एक बोटभर कोळंबी राहते, तिचा एक पंजा अंगाच्या मानाने भलताच मोठा. तो पंजा ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा फुटून टाळी वाजते. अशा शेकडो. होडीच्या लाकडातून आणि इंजिनाच्या फटफटीत हे कुठून ऐकू येणार. पॉलिइथिलीनचं पोकळ पोट ढोलासारखं सगळं वर आणतं. म्हणजे माझं पडलेलं वल्हं खाली किती वाजलं असेल याचा हिशेब आज लागला. बैठकीच्या पुढे, वल्हं टेकतो तिथे, ट्यूबचे तुकडे आधीच चिकटवलेत (चिकटत नाहीत म्हणून दोरीने बांधलेत).

पावणेआठला, पंधरा मीटरवर, एका चिपीच्या झाडाखाली रबरी मासा टाकला. चिपी हे २०२० पासून राज्याचं कांदळवृक्ष आहे. याची तांबोशीला काही कल्पना नसावी, तिला मुळांची सावली लागते. लुअर बुडाला, दोनदा हलवला आणि कुणीतरी दार ओढून घ्यावं तसा रॉड खाली.

तांबोशी लागली की पहिल्या दोन सेकंदांत मुळांत घुसते आणि दोर कालवांवर कापून टाकते. काठावर उभा माणूस पाय रोवतो. मोकळ्या कयाकमध्ये बसलेल्याला मासाच ओढत मुळांकडे नेतो, आणि दोर तसूभरही आत येत नाही. पहिल्या तारखेला लागली असती तर हेच झालं असतं. आज चिव्याची काठी कमानीसारखी वाकली, बोट हातभर फिरली आणि थांबली. मी रिळाचा ब्रेक अंगठ्याने दाबून धरला. दोर चिपीच्या एका श्वासमुळाला घासताना रॉडमधून खरखर जाणवली, मग सुटली.

वर आली तेव्हा विटेच्या रंगाची, कडेला ओली चमक, पुढचे दोन दात बाहेर. हाताने तोंड धरायचं नाही हे लहानपणी एकदा शिकलोय. पक्कडीने. गोणपाट ओलं करून पायांमधे गुंडाळली. त्या गोणपाटातून ती पुढची दहा मिनिटं बोटीला लाथा मारत होती आणि बोट तो आवाज साऱ्या खाडीला सांगत होती. त्या जागेवर पुन्हा लुअर टाकायचा प्रश्नच नव्हता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी धक्क्याला. काट्यावर ७४० ग्रॅम. मामी म्हणाली, "दोन म्हयन्यान हेवढोच?" आणि डोक्याचं सार केलं. सारात तिरफळ जरा जास्त पडली होती, पण त्या दिवशी कुणाची नावं ठेवायची हिंमत नव्हती.

२९ डिसेंबर, रविवार

वर्षअखेरीची गर्दी. साडेआठपासून होड्या, बनाना राइड, जेट स्की. लाटेला नाळ, म्हणजे पुढचं टोक, सरळ दिली की कयाक मजेत चढते-उतरते, आडवी सापडली तर कंबर सैल सोडायची, ताठ बसलं की पडायला होतं. एवढं शिकून परत. मुलगी सोबत होती, तिला धक्क्यासमोर कमरेभर पाण्यात फिरवली. तिने माझ्यापेक्षा सरळ रेषेत वल्हवली. ती ४१ किलोची, बैठक पाण्याच्या वर चार बोटं.

१२ जानेवारी २०२५, रविवार. पौष शुक्ल चतुर्दशी

पावणेसातला पोचलो तर माडाखाली कयाक नाही. वल्हं नाही. चिव्याची काठी नाही. जॅकेट खुंटीला.

मामी म्हणाली, चहा घे. चहा घेतला. आठ वाजून वीस मिनिटांनी दादा वरच्या अंगाने आला, भरतीच्या पाण्याविरुद्ध, काठाला चिकटून, जिथे पाण्याची ओढ कमी असते. कयाकवर आडवा बसलेला, दोन्ही पाय एका बाजूला पाण्यात सोडून, बाकावर बसतात तसा. मला हे कधी सुचलं नव्हतं आणि करून बघायचं धाडसही नाही. रॉड नाही, नारळाच्या करवंटीला गुंडाळलेली गरी. पायाशी माझंच गोणपाट, त्यात पाच काळुंद्रं आणि एक बऱ्यापैकी शेवटा. मी आठ रविवारांत जेवढं काढलं त्याच्या दुप्पट, दीड तासात.

"कशी आसा?" मी विचारलं.

"बरी आसा. वायच हलता, पन बरी." उतरला, बोट एकट्याने खांद्यावर टाकून वर आणली. मग हाताने दाखवून, "मागचे ते दोन नळे कित्याक? दोर अडाकता थयसर."

मागचे दोन रॉड होल्डर. एकच रॉड राहिल्यापासून रिकामेच होते. गाडीतून पाना आणून तिथेच काढले. आता चार भोकं उघडी.

जॅकेट का नाही घातलंस म्हणून विचारलं. पायाची वाळू झाडत म्हणाला, "ता घातलंय तर बिडी खय ठेवतलंय?"

सामान: ४ किलो ८००. आत पाणी: नाही. मागच्या झाकणाखाली काळुंद्राचे खवले, धुवायचे राहिले.

सोमवारी चार आखूड बोल्ट, ट्यूबच्या आठ चकत्या. आणि जॅकेटला वरच्या बाजूला, पाणी लागणार नाही असा, बिडीबंडल आणि काडेपेटीपुरता खिसा शिवून मिळेल का ते शिंप्याला विचारायचं.